'आमाउता'मधला इंदिहेनिस्मो: कुठले अंक आधी वाचावेत?

वाचनखूण: पेरूच्या 'आमाउता' मासिकावर (लिमा, १९२६–३०) टिपण लिहितोय. आंदेसमधल्या मूलनिवासींची बाजू घेणारा इंदिहेनिस्मो त्यात कसा दिसतो, एवढाच विषय. अंक ३२ आहेत, सगळे वाचून होणार नाहीत. लेख आणि चित्रं सोबत वाचायची तर सुरुवात कुठून करू?

शाईठसा: पहिला अंक घ्या, सप्टेंबर १९२६. मुखपृष्ठावरचा मूलनिवासी चेहरा चित्रकार होसे साबोगालचा, आणि मासिकाला क्वेचुआ या आंदेसमधल्या भाषेतलं नावही त्यानेच सुचवलं. त्याची लाकूडठशाची चित्रं पाहताना छपाई ध्यानात ठेवा. ठशाचा उठाव छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीचा केला की तो मजकुरासोबतच छापता येतो, फोटोसाठी मात्र जाळीचा ब्लॉक वेगळा करावा लागतो. जाड रेषा आणि सपाट काळं यामागे नुसती शैली नाही, हा हिशेबही आहे.

मग जानेवारी १९२७ चा पाचवा अंक. इथून गामोनालांविरुद्धची, म्हणजे दांडग्या जमीनदारांविरुद्धची पुरवणी सुरू होते. मूलनिवासींवरच्या अन्यायाच्या तक्रारी तिच्यात येतात. नुसत्या कविता-चित्रांवर लिहिणाऱ्यांकडून नेमकी हीच सुटते, आणि मग सगळा इंदिहेनिस्मो सजावटीचा वाटू लागतो.

पुनोकर: लेखक वाल्कार्सेल आणि 'आमाउता'चा संस्थापक-संपादक मारियातेगी यांना एका माळेत ओवू नका. कुस्कोचा वाल्कार्सेल वंशाच्या पुनरुत्थानाची भाषा बोलतो. मारियातेगीने वाल्कार्सेलच्या १९२७ च्या पुस्तकाला प्रस्तावना दिली खरी, पण मारियातेगीच्या लेखी मूळ प्रश्न जमिनीचा. लातिफुंदियो, म्हणजे मोठ्या जमीनदाऱ्या, शाबूत ठेवून नुसत्या शाळा काढल्याने तो सुटत नाही.

'बोलेतीन तितिकाका' हे त्याच काळातलं नियतकालिकही जोडीला हवंच. दक्षिण पेरूतल्या पुनो शहरातून लेखक गामालिएल चुराता आणि त्याचा भाऊ आलेहांद्रो पेराल्ता ते काढत. चारच पानं, पण टपालाने दूरदूरच्या मासिकांशी देवाणघेवाण चाले. चुकिवांका आयुलोने त्यात उच्चारानुसारी लेखन मांडलं: स्पॅनिशमधल्या 'सी' आणि 'क्यू'च्या जागी 'के'. आधुनिक कविता आणि आंदेसची बोली एकाच पानावर बघायची असेल तर लिमापेक्षा पुनो सरस.

वाचनखूण: आभार. जून ते नोव्हेंबर १९२७ चे अंक मात्र कुठेच दिसत नाहीत?

शाईठसा: निघालेच नाहीत. कम्युनिस्ट कटाचा आरोप ठेवून राष्ट्राध्यक्ष लेगियाच्या सरकारने मासिक बंद पाडलं. दहावा अंक डिसेंबरात आला. त्यानंतर थेट सतरावा घ्या, सप्टेंबर १९२८. त्यात मारियातेगी 'नवी पिढी', 'नवी संवेदना' हे शब्द जुने झाले म्हणतो आणि मासिक समाजवादी असल्याचं जाहीर करतो.

पुनोकर: टिपणात प्रत्येक मजकुरापुढे लेखक कोण आणि भाषा कुठली, हे लिहीत चला. मारियातेगीनेच १९२८ मध्ये म्हटलंय की हे साहित्य अजून मेस्तिसोंचं, मिश्रवंशीयांचं आहे. मूलनिवासींचं साहित्य ते स्वतः लिहितील तेव्हा येईल.