५ सेंमी तांबं आणि लाख वर्षांचा हवाला

खडकाळ
काल इथे एकाने लिहिलं, "फिनलंडने अणुकचऱ्याचा प्रश्न कायमचा सोडवला, आता शंका घेणारे अडाणी." राहवलं नाही म्हणून लिहितोय. तिथे ऑल्किलुओटो बेटावर वापरलेलं अणुइंधन डब्यांत भरून पुरण्यासाठी साधारण ४३० मीटर खोल बोगदे आहेत. डब्याला ओतीव लोखंडाचा गाभा, त्यावर ५ सेंमी तांबं, भोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती), सगळं मान्य. पण हीच रचना स्वीडनचीही आहे, आणि तिथल्या पर्यावरण न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये तांब्याच्या गंजण्याबद्दल आणखी पुरावा मागितला. प्राणवायू नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं, असं स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं होतं. तेही अडाणी का?

तांबट
अहो, पुढचंही सांगा ना! स्वीडनच्याच उप्साला विद्यापीठात तोच प्रयोग पुन्हा झाला, तसं गंजणं दिसलं नाही. २०२२ मध्ये स्वीडनच्या सरकारने परवानगी दिली. १६७६ साली बुडालेल्या 'क्रोनान' या स्वीडिश जहाजाची काशाची, म्हणजे बहुतांश तांब्याचीच, तोफ बाल्टिकच्या तळाशी चिखलात रुतून होती, तीनशे वर्षांनी वर काढली तर झीज अगदी किरकोळ. तांब्याचा खरा शत्रू सल्फाइड, जे जिवाणू तयार करतात. म्हणून तर बेंटोनाइट इतकं घट्ट दाबतात, त्यात जिवाणूंना वाढायला जागाच उरत नाही.

जोडकाम
तांबं टिकेल हो. डब्यावर वेल्डिंगने जोडलेल्या झाकणाचं काय? प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) शॉपमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. एका जोडाची तपासणीची एक्स-रे फिल्म दुसऱ्या जोडाच्या नावावर खपवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. बोललो तर दुसऱ्या दिवसापासून माझी रात्रपाळी.

तांबट
तुमच्या शॉपवरून फिनलंडला जोखू नका. तिथे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आहे, फिरत्या हत्याराच्या घर्षणाने धातू मऊ करून जोडतात, तो वितळतच नाही. वर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) तपासणी.

जोडकाम
पद्धत मला शिकवू नका! मी विचारतोय, पडद्यावरची रेघ पाहून 'पास' कोण लिहितो? त्याच्यावर डबे पुढे ढकलायची घाई असते की नसते?

पालघरकर
फिनलंड पुरे. आमच्या तारापूरला वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर उरलेला जहाल कचरा काचेत गोठवून पोलादी डब्यांत ठेवतात, नैसर्गिक हवेवर थंड होत. तो कायमचा पुरायला देशात एकही खोल जागा तयार नाही. त्यावर धागा कधी निघणार?

खडकाळ
वेगळा काढा, मी येतो. पण जोडकामांचा मुद्दा इथलाच आहे. एकेक डबा भरल्यावर पंचवीस टनांच्या आसपास, आणि असे हजारो. एकदा बोगदा बुजवला की कुठलं झाकण सदोष होतं हे पाहायला कोण खाली जाणार?

तांबट
म्हणूनच एका झाकणावर भिस्त नाही. डबा गळला तरी माती आहे, खडक आहे.

जोडकाम
मातीवरच भागणार असेल तर तांब्याचा खर्च कशाला? प्रत्येक झाकणाची मूळ नोंद बाहेरच्या तपासनीसाला पाहू द्या, मग मी विरोध सोडतो.

तांबट
नोंदींचं ठीक, मागा. तांब्याबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.