पक्षाघाताचे रुग्ण खरोखरच घटले होते का?

2020 च्या कोविड टाळेबंदीत रुग्णालयांत पक्षाघाताचे (स्ट्रोकचे) रुग्ण कमी दिसू लागले. ताणतणाव आणि प्रदूषण कमी झाल्यामुळे ते घटले, असा तर्क काही जण मांडतात, पण तो मला पटत नाही. अमेरिकेतील 856 रुग्णालयांच्या पाहणीत फेब्रुवारी 2020 च्या तुलनेत मार्चअखेर व एप्रिलच्या सुरुवातीस पक्षाघातासाठी मेंदूचे स्कॅन झालेल्या रुग्णांची दैनंदिन संख्या 39 टक्क्यांनी घसरली होती. हवा कितीही स्वच्छ झाली, तरी वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह आणि कठीण झालेल्या रक्तवाहिन्या महिन्याभरात सुधारत नाहीत. उलट कोविडमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढलाच होता. त्याच काळात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतील, मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघात झालेल्या पाच कोविडबाधितांची नोंद केली. त्यांपैकी दोघांनी भीतीपोटी रुग्णवाहिका बोलावण्यास उशीर केला होता.

म्हणजे आजार नव्हे, रुग्णालयात पोहोचणे कमी झाले, असे मला वाटते. तोंड किंचित वाकडे झाले, हातातला पेला निसटला, बोलणे अडखळले, तर एरवी शेजारीपाजारी धावतात. त्या दिवसांत मात्र एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे कोणी फिरकतही नव्हते, आणि घरात माणसे असली तरी ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असेच ठरत असे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे ती एक रात्र थांबणे अनेकांना कायमच्या अपंगत्वाकडे घेऊन गेले असणार.