मदत हवी आहे: बरणीतल्या बॅथिनोमसची जात कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहात एक जुनी बरणी आहे. लेबलची शाई उडालीय, 'अरबी समुद्र, ट्रॉल' (म्हणजे ओढजाळं) एवढंच वाचता येतं. आत वीतभर लांबीचा समपाद कवचधारी प्राणी आहे. ओला दगड उचलला की खाली जे गोळी होणारे किडे दिसतात, त्यांचाच हा खोल समुद्रातला प्रचंड भाऊबंद. पायांच्या सात जोड्या आहेत, डोळे मोठे तिकोनी आहेत आणि शेपटीच्या कडेला काट्यांची रांग आहे, म्हणून प्रजाती (जीनस) बॅथिनोमसच याबद्दल मला शंका नाही.

अडलंय ते जातीवर. शेपटीचे काटे 11 भरतात, पण डाव्या टोकाचा एक मोडलाय की मुळातच आखूड आहे, हे भिंगाखालीही कळत नाही. आणि नुसत्या काट्यांवर विसंबायची भीती वाटते. मेक्सिकोच्या आखातातला बॅथिनोमस जायगँटियस 1879 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी नोंदवला, आणि तिथलाच युकाटानेन्सिस वेगळा आहे हे ठरायला 2022 उजाडलं! तोवर तो जायगँटियसच समजला जात होता.

कुणी समपादांवर काम केलंय का? स्पृशा (डोक्यावरच्या लांब मिशा) किती मागे पोचतात हे मोजायचंय, पण अल्कोहोलमध्ये त्या इतक्या ताठरल्यात की हात लावायला धजत नाही. न मोडता मऊ कशा करायच्या? हिंदी महासागरातल्या जातींची ओळख-किल्ली (लक्षणं ताडून जात ठरवायचा तक्ता) कुणाकडे असेल तर कृपया सांगा. पोटाकडचे फोटो लगेच पाठवते.