केमो चालू असलेल्या मुलीच्या हातांसाठी कोणते खेळ?

ओटी_इंटर्न:
ऑक्युपेशनल थेरपीत (ओटी) इंटर्न आहे. मुलीचं वय 6, एएलएल (रक्ताचा कॅन्सर), इंडक्शनचा म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याचा चौथा आठवडा. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधामुळे दोन्ही मनगटं गळतात, पेन्सिल सुटते, बटणं लागत नाहीत. कॅन्युला (शिरेतली सलाईनची नळी) डाव्या हातात. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 34,000, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 400, दोन्ही कमी. थेरपी पुट्टी (हाताच्या व्यायामाचा मऊ गोळा) काढली की तोंड फिरवते. काय खेळवावं?

टिचकी:
पुट्टी नकोच. ती दाबून मूठ मिटायची ताकद वाढते. व्हिन्क्रिस्टीनने आधी ढिलं पडतं ते मनगट उचलणं आणि बोटं उघडणं. त्याला कॅरमसारखा खेळ नाही, कारण टिचकी मारताना बोट सरळच होतं. बोर्ड नको, जेवणाच्या टेबलावर गुळगुळीत ट्रे, बाटल्यांची चार प्लास्टिकची झाकणं आणि झाकण आत घालवायला आडवा ठेवलेला डबा. उजवं कोपर टेकलेलं, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी. तरीही मनगट गळत असेल तर कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर उचलून धरणारा आधार) घालूनच खेळवा. नाहीतर ती खांदा उडवून झाकण ढकलते आणि बोटं काहीच करत नाहीत. तिच्या पाच टिचक्या, मग तुमच्या पाच. तुमची पाळी हीच तिची विश्रांती, म्हणून सावकाश खेळा. 10 मिनिटं पुष्कळ झाली.

वॉर्ड_ओटी:
त्यात भर. 34,000 प्लेटलेटवर वजन, रबरबँडचा ताण, उड्या नकोत, टिचकी चालेल. 20,000 च्या खाली गेल्या तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रत्येक युनिटची मर्यादा वेगळी असते. न्यूट्रोफिल 400 म्हणजे माती, कापडी खेळणी, कणकेचा गोळा बंद. कच्चं पीठ निर्जंतुक नसतं, हे बऱ्याचदा लक्षातच येत नाही. खेळणी प्लास्टिकची, साबणाने धुऊन कोरडी केलेली, फक्त तिच्या डब्यात.

बिनसुईच्या नव्या सिरिंजने रंगीत पाणी ओढणं चांगलं, पण 5 मिलीपासून सुरू करा. 20 मिलीचा दट्ट्या ओढायला जड जातो. नवा दट्ट्या सुरुवातीला अडकतो, तो आधी तुम्ही दोन-तीनदा मागेपुढे करून द्या. पाणी उकळून गार केलेलं, खेळ संपला की ओतून टाका. निघताना सिरिंजा मोजा! एक जरी पलंगावर राहिली तरी ती कॅन्युलाला लावून बघण्याचा धोका असतो.

ओटी_इंटर्न:
झाकणं आजच धुते. ती बाहुलीला सलाईन लावायला मागते. आई म्हणतात, भीती वाढेल. देऊ का?

टिचकी:
जरूर द्या. डॉक्टर ती, तुम्ही मदतनीस. बाहुली रडली तर रडू दे. "दुखत नाही गं" असं मध्ये म्हणू नका, तिला दुखलेलं आहे. आईंनाही शेजारी बसवा. फक्त खरी सुई टोचायच्या अगदी आधी हा खेळ नको, आणि स्टेरॉइडमुळे चिडचिड असेल त्या दिवशी तिने नाही म्हटलं तर विषय सोडा. बाहुली प्लास्टिकची घ्या. मायक्रोपोरची (सलाईनवर लावतात ती कागदी टेप) पट्टी चिकटवताना एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे ते तिला चिमटीत धरून सोलता येईल. बटणाला लागते ती हीच चिमटी.