जुनी गाडी आयडलिंगला थरथरते: कार्ब्युरेटर की हवेची गळती?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांची 1997 ची पेट्रोल गाडी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). त्यांचा जीव आहे तिच्यात, विकायचा विषयच नाही. सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरतं, कधी बंदच पडतं. रेस दिली की एकदम सुरळीत. प्लग, एअर फिल्टर नवे घातलेत. मेकॅनिकने एकेका प्लगची वायर काढून पाहिली, तिन्ही वेळा आवाज सारखाच पडला, म्हणजे एखादाच सिलिंडर मिस होत नसावा. आणि महत्त्वाचं म्हणजे, गरम इंजिनवरही चोक (कार्ब्युरेटरमध्ये जाणारी हवा कमी करणारी झडप) थोडा ओढला की आयडलिंग सुधारतं! म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय ना? मेकॅनिक थेट कार्ब्युरेटर बदला म्हणतोय, मला ते पटत नाही. आधी आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) साफ करून घेऊ, की जिथून बाहेरची हवा आत शिरू शकते ते मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर ते सिलिंडर नळ्यांचं) गॅस्केट आणि व्हॅक्यूम पाइप तपासू? गळती घरच्या घरी, धोका न पत्करता कशी शोधता येईल?