मदत हवी आहे: पाच मुलं, पाच इयत्ता, घर वन रूम किचन

मुलं ४, ६, ९, ११ आणि १४ वर्षांची. घरशाळा सकाळी ९ ते १२, कारण साडेबाराला पाणी येतं आणि मग भांडी-धुणं सुरू.

परिसर अभ्यास, गोष्टी, चित्रकला सगळ्यांना एकत्र जमतं. भरती-ओहोटीचा तक्ता घेतला की सहा वर्षांचा फक्त वेळा लिहितो, अकरा वर्षांची दोन भरत्यांमधलं अंतर काढते (साधारण १२ तास २५ मिनिटं), मोठा चंद्राशी संबंध जोडतो. गाडी अडते गणितात. तिथे प्रत्येकाला २० मिनिटं स्वतंत्र हवीत, म्हणजे नुसत्या गणितात एक तास चाळीस मिनिटं. धाकटा मण्यांच्या डब्यावर दहा मिनिटं टिकतो, मग मधल्यांच्या वह्या ओढतो. नऊ वर्षांचीला हातच्याची वजाबाकी अडते. ५०२ मधून २७८ घालवताना मधल्या शून्यापाशी ती थांबते, आणि तेव्हाच कोणीतरी हाक मारतं.

मोठ्याला शिकवायला बसवणं हा उपाय नको. त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो. एनआयओएसची (केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाची) दहावी करायची तर पाच विषय आणि असाइनमेंट्स आहेतच.

तर विचारायचंय:
गणिताच्या पाळ्या कशा लावता? रोज सगळे, की दिवसाआड दोघं-तिघं?
वाट बघणाऱ्याला काय देता? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, पण मोबाईल एकच.
दहावीसाठी एनआयओएस की राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा)? कारणासकट सांगा.