अनुभव लिहा: अहमदाबादच्या कोटातली पायी फेरी

कामासाठी, लग्नकार्यासाठी, साबरमती आश्रम बघायला म्हणून आपल्यातले बरेच जण अहमदाबादला जातात, नदीच्या पश्चिमेला उतरतात आणि तिथूनच परत फिरतात. १४११ साली अहमदशहाने वसवलेलं मूळ शहर मात्र पूर्वेला, कोटाच्या आत आहे. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर.

महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी इथे हेरिटेज वॉक सुरू केला. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघायचं, पोळांमधून, म्हणजे एकाच दरवाजाच्या आतल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमधून, वाट काढत जामा मशिदीपाशी संपवायचं. अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. आता इतरही बऱ्याच फेऱ्या निघतात, रात्रीच्यासुद्धा.

ज्यांनी गाईडबरोबर ही फेरी केली आहे त्यांनी इथे लिहावं. नुसतं 'छान होतं' नको. कुठे थांबलात, एकट्याने फिरताना नजरेतून सुटलं असतं असं काय दिसलं, काय खटकलं, हे सगळं हवंय. मला स्वतःला असं वाटतं की या फेरीत ठिकाणं किती झाली याला महत्त्व नाही. गाईड एखाद्या दारापाशी किती वेळ थांबतो, त्यावर सगळं ठरतं. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा.

*

मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून माझं लक्ष भिंतींकडे. आमच्या गाईडने दोशीवाडा नी पोळच्या आसपास एका पडझड झालेल्या घरापाशी थांबवलं. गिलावा गळून पडला होता, त्यामुळे भिंतीचं पोट उघडं पडलेलं. विटांच्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर आडवी सागवानी लाकडं घातलेली, कोपऱ्यात ती एकमेकांत खाचा करून अडकवलेली. खांब, तुळया आणि हे पट्टे मिळून एक सांगाडा तयार होतो आणि वीट त्यात भरलेली असते. जमीन हलली की सांगाडा थोडा झुलतो, सांधे कुरकुरतात, पण घर एकदम खाली बसत नाही.

२००१ च्या भूकंपात अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, माणसं गेली. पोळांमधल्या लाकडी घरांनी त्या मानाने तग धरला. हे मी वाचलेलं होतं, पण त्या उघड्या भिंतीवर हात ठेवून बघणं वेगळं. गाईड शिकलेला वास्तुविशारद होता, त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं. बाकीच्या मंडळींना उशीर होत होता तरी त्याने घाई केली नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

*

माझ्या आईला देवळांची ओढ, म्हणून आम्ही दोघी गेलो. हाजा पटेल नी पोळमध्ये काळा रामजी मंदिर आहे. आम्ही नाशिकच्या. काळा राम म्हटल्यावर आईचे पाय आपोआप भराभर पडायला लागले. आत गेलो तर राम बसलेला! काळ्या पाषाणातली बैठी मूर्ती. आपल्याकडे धनुष्य घेतलेला, उभा राम बघायची सवय, त्यामुळे आई बराच वेळ हात जोडून नुसती बघत राहिली. देऊळही बाहेरून देवळासारखं दिसत नाही, वाड्यासारखं आहे. चौक, ओसरी, आणि देव घरातल्या माणसासारखा.

पुढे एका घराच्या ओट्यावर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. गाईड त्यांच्या ओळखीतला. त्याने विचारलं तेव्हा त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि चौकातलं झाकण उघडून टांकं दाखवलं. म्हणजे घराच्या पोटात, चौकाच्या खाली बांधलेली पाण्याची खोली. गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी नळीवाटे खाली येतं. पहिल्या पावसाचं पाणी गच्ची धुण्यापुरतं वाहू द्यायचं, नंतरचं आत घ्यायचं. भिंतींना चुन्याचा गिलावा, आत उजेड जाऊ द्यायचा नाही, म्हणजे पाणी वर्षभर टिकतं. आजींनी छोटी कळशी दोरीने सोडून पाणी वर काढलं आणि आईच्या ओंजळीत ओतलं. आईला गुजराती येत नाही, आजींना मराठी येत नाही, पण पावसाळा, पाणी आणि सुना या विषयांवर त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या.

*

वडोदऱ्याहून लिहितोय. इतिहास शिकवतो. मराठी माणसांनी तीन दरवाजा बघितल्याशिवाय परत येऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. सकाळच्या ठरलेल्या फेरीत तो येतोच असं नाही. जामा मशिदीशी फेरी संपली की तिथून पश्चिमेला चालत गेलात तर काही मिनिटांवर आहे. गाईडला आधी सांगून ठेवा.

अहमदशहाच्या काळातल्या त्या तीन कमानींच्या एका खांबावर १८१२ सालचा देवनागरी लेख कोरलेला आहे. तो आहे चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराचा. आशय असा: मुलीला वडिलांच्या मालमत्तेतला तिचा वाटा बिनहरकत मिळावा, हे मोडणारा हिंदू असेल तर त्याला महादेवापुढे आणि मुसलमान असेल तर अल्ला-रसूलपुढे जाब द्यावा लागेल. १८१२! हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळायला २००५ उजाडावं लागलं. माझ्याबरोबर आलेल्या मुलींना मी हा लेख बोटाने दाखवला तेव्हा त्यांच्यातली एक तिथेच खाली बसून वहीत उतरवायला लागली. अक्षरं झिजली आहेत, वरून धूळ, भोवती फेरीवाल्यांची गर्दी. पण सकाळी लवकर गेलात तर वाचायला जागा मिळते.

आता थोडी पार्श्वभूमी. १७५३ साली रघुनाथराव पेशवे आणि दमाजीराव गायकवाड यांनी शहर घेतलं. मध्ये एकदा हातून गेलं, पुन्हा मिळवलं. उत्पन्नाची वाटणी पेशवे आणि गायकवाड यांच्यात. १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने कोटावर तोफा डागून शहर जिंकलं, पण सालबाईच्या तहानंतर ते मराठ्यांकडे परत आलं. १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे कायमचं गेलं. रायखडला गायकवाड हवेलीची जागा आहे. भद्र किल्ल्यात भद्रकालीचं देऊळ आहे, तेही मराठ्यांच्या काळाशी जोडलं जातं. गुजरातच्या इतिहासातला हा काळ फारसा सुखाचा मानला जात नाही. दोन सत्तांचा कारभार, वसुलीचा जाच, व्यापाराची पडझड, हे सगळं खरं आहे आणि चांगला गाईड तेही सांगतो. आमच्याने सांगितलं. मराठी मंडळी समोर आहेत म्हणून त्याने काही गोड केलं नाही. मला ते फार आवडलं.

*

वरचे अनुभव वाचून बरं वाटलं, कारण माझा तसा नव्हता. एका सहल कंपनीबरोबर आलो होतो. घोळका खूप मोठा, गाईडच्या गळ्यात ध्वनिक्षेपक. पोळ म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं एवढी गल्ली. त्यात तो आवाज. एका घरात कुणी आजारी होतं बहुतेक, बाईंनी खिडकीतून हात जोडून 'हळू बोला' असं खुणावलं. आमच्यातल्या लोकांनी तिचेच फोटो काढले. पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी लहान गट असलेली फेरीच घ्यावी. दहा-बारा जणांच्या वर माणसं असतील तर सरळ दुसरा दिवस निवडावा.

*

मी त्या खिडकीतल्या बाजूची! लग्न होऊन पोळमध्ये आले, सासर तिथलं. आता आम्ही नदीपलीकडे राहतो, पण सासूबाई अजून जुन्या घरात आहेत. त्यामुळे हे लिहायलाच हवं.

पोळ ही मुळात सोय कशासाठी, ते नीट समजून घ्या. एक मुख्य दरवाजा, तो रात्री बंद व्हायचा, वर पहारेकऱ्याची खोली. आत एका जातीची, एका धंद्याची, एका धर्माची घरं. सामाईक विहीर, देऊळ किंवा देरासर (जैन मंदिर), सूचनांचा फळा, ओटे. दंगलीत, लुटालुटीत ही रचना जीव वाचवणारी होती. म्हणजे अनोळखी माणूस आत येऊ नये यासाठीच जी जागा बांधली, तिच्यात आज रोज सकाळी अनोळखी माणसं येतात. सासूबाईंना याचा राग नाही. उलट वॉकची वेळ झाली की त्या ओटा झाडून ठेवतात. पण घराच्या आत कॅमेरा वळलेला त्यांना चालत नाही, आणि दाराशी वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो तर अजिबात नाही. विचारून काढा, त्या स्वतः पदर नीट करून उभ्या राहतील.

अजून एक. लोक म्हणतात, किती सुंदर कोरीव काम, हे का जपत नाहीत? लाकडाचा एक मोडका कंस (सज्जाखालचा कोरीव आधार) दुरुस्त करायला कारागीर शोधावा लागतो, आणि त्याचा खर्च सिमेंटच्या तुळईच्या कितीतरी पट. एका घराचे सात-आठ वारस, प्रत्येक जण वेगळ्या गावी, सही कोण करणार? गोदामवाले मात्र रोख घेऊन दाराशी उभे. जे घर कुलूपबंद दिसतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. गाईडने हे सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. त्यालाही बोलायचं असतं.

*

पक्ष्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! बऱ्याच पोळांच्या चौकात एक उंच खांब असतो, वर कोरीव छत्री, त्यावर पारव्यांना आणि पोपटांना दाणे. चबुतरा. काही तर एखाद्या छोट्या देवळाइतके नक्षीदार आहेत. गाईडने सांगितलं, झाडं तोडून घरं बांधली म्हणून पाखरांचा वाटा उभारून दिला. जैन आणि वैष्णव घरांमधून आजही रोज दाणे जातात. सकाळी आठच्या सुमाराला गेलात तर दाणे टाकणारी माणसं भेटतात.

*

रात्रीच्या फेरीत ऐकलेली माणेकनाथाची गोष्ट लिहितो, कारण आमच्या गाईडने ती सांगितलीच अशी की अंगावर काटा आला. शहराचा कोट बांधायला घेतला तेव्हा नदीकाठी माणेकनाथ नावाचे साधू राहत. दिवसभर भिंत चढे, आणि ते दिवसभर गोधडी विणत. रात्री ते दोरा ओढून गोधडी उसवत आणि भिंत कोसळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्यांना सिद्धी दाखवा म्हणून एका झारीत शिरायला लावलं आणि तोंड बंद केलं. मग पहिल्या बुरुजाला त्यांचं नाव दिलं, माणेक बुरूज, आणि बाजाराला माणेक चौक. दंतकथाच आहे, पण ज्या शहराने आपल्या पहिल्या बुरुजाला भिंत पाडणाऱ्याचं नाव दिलं, ते शहर मला आवडून गेलं.

बाकी कोट बघायला जाल तर फारसा मिळणार नाही. सुलतान महमूद बेगड्याने पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली तटबंदी विसाव्या शतकात बहुतेक पाडली गेली. दरवाजे उरले आहेत: दिल्ली दरवाजा, सारंगपूर, आस्टोडिया. ते रहदारीच्या मधोमध उभे, दोन्ही बाजूंनी रिक्षा. एक गोष्ट मात्र मला नवीन कळली. १८३० च्या दशकात याच कोटाच्या डागडुजीसाठी शहरातल्या लोकांची समिती बसली आणि तुपासारख्या मालावर कर बसवून पैसा उभा केला. दुरुस्ती झाल्यावर तो पैसा रस्ते आणि दिव्यांकडे वळला. अहमदाबादच्या नगरपालिकेची सुरुवात तिथून मानतात.

*

वडिलांना घेऊन गेलो, गुडघे दुखतात. चालणं सपाट आहे, पण फरशी ओबडधोबड आणि थांबे उभ्याने. दर पोळेत ओटे आहेत, विचारून बसता येतं. जोडे काढायच्या जागा बऱ्याच, तेव्हा नाडीचे बूट नकोत. डिसेंबर-जानेवारी उत्तम, मे महिन्यात वयस्कर माणसांनी जाऊ नये. रविवारी सराफा आणि कापडबाजार बंद असतो, त्यामुळे दुकानांच्या वरचे मजले नीट दिसतात. शनिवारी गेलेल्यांना ते दिसलेच नसतील.

*

आमची फेरी जामा मशिदीत संपली. १४२४ ची. आत अडीचशेहून जास्त खांब आणि त्यांच्यामधून येणारा उजेड. समोरच्या दोन मिनारांचा फक्त खालचा भाग उरलाय. १८१९ च्या भूकंपात वरचे मजले पडले. वर ज्यांनी २००१ बद्दल लिहिलंय त्यांनी इथे जरूर जावं. गाईडने त्या तुटलेल्या बुंध्यावरचं नक्षीकाम दाखवलं आणि विचारलं, सकाळी स्वामिनारायण मंदिरातून निघालो तेव्हा लाकडावर हे कुठे पाहिलं होतं? आम्ही कुणीच सांगू शकलो नाही. मग त्याने मोबाईलवर सकाळी काढलेला फोटो काढला आणि वेल, कळी, पान असं एकेक जुळवून दाखवलं. मंदिर १८२२ चं, म्हणजे मधे चारशे वर्षं. कोरणाऱ्यांची घराणी तीच, हत्यारं तीच, मालक बदललेले.

मला आता विचारायचंय, कुणी फक्त हे नक्षीकाम बघण्यासाठीची फेरी केली आहे का? हरकुंवर शेठाणींच्या हवेलीतल्या लाकडी कंसांपासून सुरुवात करून देणारा गाईड माहीत असेल तर वेळ आणि भाषा यांचा तपशील इथेच द्या. मी फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे.